मडगार्डातली नाचणी

सरांनी मला आजवर एकदाही नावाने हाक मारलेली नाही. मी आठवीतून शाळा सोडली, म्हणून त्यांच्या लेखी मी 'आठवी'. मोखाड्याच्या बाजारात भर गर्दीत "ए आठवी!" अशी हाक आली की आजूबाजूची माणसं चमकून बघायची आणि मी मान खाली घालून पुढे सरकायचो. आता माझं वय एकतीस आहे. मला दोन मुली आहेत. बंदराजवळच्या पॅकिंग यार्डात माझ्या हाताखाली सहा माणसं काम करतात. तरी फोन उचलला की पलीकडून पहिला शब्द तोच. मी एकटा नाही, एवढंच काय ते समाधान. जव्हारच्या बाहेर पंक्चरचं दुकान चालवतो तो 'सहावी'. ग्रामपंचायतीत शिपाई आहे तो 'नववी अर्धी', कारण त्याने दिवाळीपर्यंत तग धरला होता. जे दहावी पास झाले त्यांना मात्र सर नावाने, वर 'राव' लावून बोलावतात.

एकदा मी चिडून म्हणालो, "सर, आता तरी नाव घ्या की. माझी मुलगी ऐकते."

"नाव तुझ्या आईने ठेवलंय, ते तिने घ्यावं," सर म्हणाले. "मी ठेवलंय ते मी घेतो."

सर आमच्या आश्रमशाळेत कार्यानुभव शिकवायचे. कार्यानुभव म्हणजे कागदाचे हार आणि मातीची फळं, असं इतर शाळांत असेल. आमच्याकडे करवत, रंधा आणि काटकोन तपासायचा गुण्या होता. मुलं लाकडाचं काही बनवायची आणि सर ते हलवून बघायचे. हललं की शून्य. न हललं तर म्हणायचे, "बघू पावसाळ्यानंतर." म्हणजे मार्क मिळायला चार महिने थांबायचं. सर मूळचे घाटावरचे. नोकरीला म्हणून आमच्या डोंगरात आले ते निवृत्त झाले तरी गेले नाहीत. जव्हारला दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिले.

आणि त्यांची ती मोटरसायकल. काळी, जुनी, शंभर सीसीची. काळी हे मी आठवणीने सांगतो, कारण दिसायची ती विटकरी. सर गाडी कधीही धूत नसत. कोणी फडकं ओलं करून पुढे झालं तर ओरडायचे, "हात लावू नकोस! धुतली की गाडी आजारी पडते." गाडी नेहमी उताराकडे तोंड करून उभी असायची. किक मारायचे नाहीत. उतारावर सोडून द्यायचे आणि वेग आला की दुसऱ्या गिअरमध्ये चालू करायचे. आमच्याकडे उताराला तोटा नाही, म्हणून हे तीस वर्षं चाललं. मागे बसणाऱ्याने अशा वेळी बोलायचं नाही असा नियम होता. चालू झाली की सर म्हणायचे, "हं, बोल आता." तोवर काय बोलायचं होतं ते आपण विसरलेलो असायचो.

या गाडीवरून ते मुलं पकडायला यायचे. दिवाळीनंतर भात झोडून झालं की आमच्या पाड्यावरची अर्धी घरं कुलूप लावून वीटभट्टीवर जायची आणि त्यांच्याबरोबर आश्रमशाळेतली पोरंही. सर भट्टीभट्टी हिंडायचे. एका खेपेला तीन पोरं बसायची, दोन मागे आणि एक टाकीवर. टाकीवर बसायला आमची भांडणं व्हायची, कारण तिथे हॉर्न वाजवायला मिळायचा. लांबून गाडीचा आवाज आला की माझी आई म्हणायची, "सर आलं. जा बाबा, नाय तर आपल्यालाच हितं भट्टीवर बसवून शिकवतील." पाचवीत मला दोनदा नेलं, सहावीत एकदा, सातवीत तीनदा. आठवीत आले तेव्हा बापाच्या पायावर विटांची थप्पी पडली होती. सरांनी तो पाय बघितला. जाताना एवढंच म्हणाले, "शनिवारी येत जा. हजेरी घेणार नाही."

मी दोन वर्षं शनिवारी जात राहिलो. सुतारी शिकलो ती तिथे. पुढे याच गाडीवर मागे बसवून सर मला बंदराजवळ घेऊन आले. सकाळी निघालो ते उन्हं कलल्यावर पोचलो. यार्डाच्या मॅनेजरसमोर मला उभं करून म्हणाले, "याला इंग्रजी येत नाही. पण फूटपट्टी वाचता येते." मॅनेजरला ते आवडलं, किंवा हा माणूस काम घेतल्याशिवाय उठणार नाही हे कळलं असेल. माझं घर त्या दिवसापासून चाललं आहे. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. म्हणूनच तर त्यांच्यावर ओरडता येत नाही आणि सगळं पोटात राहतं.

त्यांची दुसरी सवय वाचून घ्यायची. स्वतः वाचायचं नाही, समोरच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचं. चहाच्या टपरीवर बिस्किटाचा पुडा टपरीवाल्याला वाचायला लावायचे. डॉक्टरने चिठ्ठी दिली की म्हणायचे, "वाचून दाखवा." डॉक्टरांनाही आपलं अक्षर लागायचं नाही, मग तिथे बसून सर ते नव्याने लिहून घ्यायचे. मागे रांग वाढत असायची. आमच्यापैकी कोणी सोबत असेल तर लाजेने भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.

सरांना एकच मुलगी. ती नर्स झाली आणि न्यूझीलंडला गेली. तिकडेच स्थायिक झाली. सरांची बायको, आमच्या बाई, वारल्यावर ती सरांना बोलवत होती आणि सर दर वेळी काहीतरी कारण काढत होते. परीक्षा आहेत, म्हणायचे. निवृत्त माणसाच्या कसल्या परीक्षा? मग मागच्या पावसाळ्यात ते शिरपामाळच्या चढाला गाडीवरून घसरून पडले. दोन महिने घरात होते आणि त्यातले पहिले दोन दिवस कोणाला कळवलंच नव्हतं. शेजारणीने दार वाजवलं म्हणून कळलं. त्यानंतर त्यांच्या मुलीचा, ताईचा, मला फोन आला.

"दादा, बाबा यायला तयार झालेत," ती म्हणाली.

मला बरं वाटलं. "वा! कधी निघतात?"

"गाडी घेऊन येणार म्हणतात."

"कोणती गाडी?"

तिने उत्तर द्यायच्या आधीच मला उमगलं. मग मीच म्हणालो, "ती?"

"तीच. आधी गाडी इथे पोचली पाहिजे, तपासणीत पास झाली पाहिजे, मगच मी विमानात बसेन, असं म्हणतात. मी सगळं बघितलं दादा. राहायला येणाऱ्या माणसाला गाडी आणता येते. आरटीओतून नोंदणी रद्द केल्याचा कागद एजंटकडून काढून घेतलाय. ती इथे रस्त्यावर आणायला आणखी तपासण्या आहेत, ते मी बघीन. पण पहिली तपासणी मातीची असते. इथे बाहेरची माती, बी, काडी, काही चालत नाही. चिमूटभरसुद्धा नाही." आणि मग तिचा आवाज बदलला. "तू पॅक कर ना. दुसऱ्या कोणाला ते हात लावू देणार नाहीत. गाडी परत पाठवली तर हे कधीच येणार नाहीत, मला माहीत आहे."

मी हो म्हणालो. ताईला नाही म्हणणं मला जमलं नसतं. फोन ठेवल्यावर मात्र विचार करायला लागलो. यार्डातून जाणाऱ्या कंटेनरमध्ये एकाचंच सामान नसतं, चार घरांचं असतं. एका खोक्यात माती सापडली की सगळा कंटेनर अडकतो. मग पॅक कोणी केलं हे बघतात. पॅकिंगच्या कागदावर खाली माझी सही. आणि गाडी कोणती, तर जी माझ्या आठवणीत एकदाही धुतलेली नाही ती.

एप्रिलात चार दिवसांची रजा काढून जव्हारला गेलो. सरांनी गाडी सहावीच्या पंक्चरच्या दुकानात लावली होती, अर्थात उताराकडे तोंड करून. सर पत्र्याच्या डब्यावर बसले होते.

"आलास आठवी? वेळेवर आलास. ही नुसती पुसून घे. माझ्या मते स्वच्छच आहे."

सहावीने माझ्याकडे बघितलं, मी सहावीकडे. सहावी म्हणाला, "सर, सर्व्हिसिंगवाल्याकडं नेऊ. प्रेशरचं पाणी मारलं की अर्ध्या तासात मोकळी."

"एप्रिलमध्ये?" सर डब्यावरून उठले. "मोखाड्याच्या पाड्यांवर बायका विहिरीच्या तळाला उतरून वाटीवाटीने पाणी भरतायत, आणि मी मोटरसायकलला आंघोळ घालू?"

"सर, तिकडच्या लोकांना हे कळणार नाय," मी म्हणालो.

"न कळू दे. तुला कळतंय ना?"

इतकी वर्षं हा माणूस आम्हाला सांगत होता की धुतली की गाडी आजारी पडते, आणि खरं कारण पाण्याचं निघालं. आम्ही पुढे आपापल्या गाड्याही न धुता चालवल्या होत्या. सहावीच्या कपाळावर आठी आली. "सर, मी माझी पयली गाडी गंजवून टाकली तुमच्या नादात!"

"गंजली ती तू बाहेर ठेवलीस म्हणून," सर म्हणाले आणि परत डब्यावर बसले.

तेव्हा पाण्याशिवाय. सहावीचा हवेचा कॉम्प्रेसर, रॉकेल, चिंध्या, दाभण, आणि बाजारातून आणलेले एक डझन दात घासायचे ब्रश. दोन दिवस आम्ही दोघं त्या गाडीखाली होतो. सीट काढली, टाकी काढली, चेनचं कव्हर काढलं. माती निघता निघत नव्हती. ती माती नव्हतीच, वीट झाली होती. छिन्नी लावून ढलप्या काढाव्या लागल्या. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घर निघालं. ते उंदराने सहामाहीच्या उत्तरपत्रिका कुरतडून बांधलं होतं. सरांनी एक तुकडा उचलून डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "बरोबर उत्तर आहे. कोणाचं ते कळत नाही."

सीटखाली मात्र मी हात टेकले. सर पोरं परत आणायचे तेव्हा घरोघरची माणसं जे असेल ते पिशवीत घालायची. कोणी नाचणी, कोणी वरई, कोणी तेलासाठीची खुरासणी. पिशव्या फाटक्या. तीस वर्षांत ते दाणे गाडीच्या हाडांत शिरले होते. नळीच्या टोकाला हवा मारली की दुसऱ्या टोकाने खुरासणी उडायची. मी म्हणायचो, झालं. सहावी गाडी हलवायचा आणि आत कुठेतरी खुळखुळ व्हायचं.

आणि मागचं मडगार्ड. सर पडले तेव्हापासून पावसाळा सरेपर्यंत गाडी अंगणात उभी होती. नंबर प्लेटच्या बाजूला, जिथे ऊन लागतं तिथे, मडगार्डच्या चिखलात नाचणीचं रोप उगवून, वाढून, कणसाला येऊन, वाळून उभं होतं. बोटभर कणीस. आम्ही तिघं उकिडवे बसून बघत राहिलो.

सहावी म्हणाला, "सर, आता गाडीचा सातबारा काढायला लागंल."

सरांनी ते कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली, दाणे मोजायला घेतले. मग कागदात बांधून खिशात टाकू लागले.

"सर! ते नेऊ नका! त्या दाण्यांपायी विमानतळावर धरतील तुम्हाला!"

"मग फेकू? पिकलंय ते."

यावर वाद सुरू झाला. शेवटी तो प्रश्न सहावीच्या कोंबडीने सोडवला. सर कागद डब्यावर ठेवून मला समजवायला हातवारे करत उठले आणि परत बसेपर्यंत कागद रिकामा होता. तेव्हापासून ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, जणू कोंबडी मी पाळली होती.

तिसऱ्या दिवशी यार्डातून टेंपो आला, खोक्याची लाकडं घेऊन. परदेशी पाठवायचं तर लाकूड भट्टीत भाजलेलं आणि शिक्का मारलेलं लागतं, नाहीतर त्यातली कीड तिकडे जाते म्हणतात. सरांनी दुकानाच्या दारात सागाच्या फळ्या रचून ठेवल्या होत्या. शाळेने मोडीत काढलेले बाक.

"तू कुठलं हे पांढरं फळकूट आणलंस? हे सागवान आहे. यावर पाच पिढ्या बसल्या."

"सर, शिक्का लागतो."

"आहे की." त्यांनी फळी उलटी केली. खाली रंगाने बाकाचा नंबर होता.

टेंपोचा ड्रायव्हर उत्तरेकडचा, शांत माणूस. तो माझ्या कानाशी लागला. "भाई, ये साहब कौन हैं?"

"टीचर हैं."

"अच्छा," तो म्हणाला आणि टेंपोत जाऊन बसला.

दुपारपर्यंत खोका तयार झाला. हँडल काढलं, पेट्रोल काढलं, बॅटरी उतरवली, पुढच्या चाकाला लाकडी खोबण केली, पट्टे आवळले. सरांनी खोका चारी बाजूंनी हलवून बघितला. हलला नाही. पावसाळ्याचं काही म्हणाले नाहीत, यावर मी खूश झालो. आता फक्त पॅकिंगचा कागद भरायचा होता. टेंपो संध्याकाळच्या आत निघाला तर रात्री कंटेनर बंद व्हायच्या आधी पोचणार होता. नाहीतर पुढचा कंटेनर कधी ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि सरांचं मन तोवर कुठे जाईल तेही.

कागदावर तिसरा प्रश्न असा होता, की हे वाहन शेतात, गोठ्यात, जंगलात किंवा जनावरांजवळ वापरलं आहे का. हो किंवा नाही. यार्डात सगळे 'नाही'वर खूण करतात. मी बारा वर्षांत दुसरं काही बघितलं नव्हतं. मी पेन सरांकडे दिलं आणि बोट ठेवलं. "इथं नाही करा, आणि खाली सही."

सरांनी 'हो'वर खूण केली.

मग खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर यादी होती, आदल्या दिवशी बोलत नव्हते तेव्हा केलेली. भाताच्या रोपांच्या मुठी. बकरीची करडं. कोंबडी पिल्लांसह, पाटीत. शेणखत, एकदा. मोहाची फुलं. कंद. शेवटची ओळ होती: 'विद्यार्थी. मोजलेले नाहीत.'

मी कागद ओढून घेतला. "सर, हे काय केलंत! हो लिहिलं की गाडी बाद! आपण दोन दिवस दाभणाने कोरून काढलंय सगळं. आता स्वच्छ आहे. नाही लिहा!"

"स्वच्छ आहे का असं विचारलंय? वापरली आहे का असं विचारलंय. करडू मी स्वतः आणलं. नाही कसं लिहू?"

"कोण बघायला आलंय करडू!"

"मी होतो की तिथे."

मी मॅनेजरला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. मॅनेजर म्हणाले, "सर, नमस्कार. अहो, सगळे नाहीच लिहितात. फॉरमॅलिटी आहे. त्या पोराची नोकरी आहे हो. काही झालं तर जबाबदार तो."

"कुठे लिहिलंय तो जबाबदार?"

"त्याच कागदावर लिहिलंय. तो सही करतो ना."

सर माझ्याकडे वळले. "वाचून दाखव."

"सर, इंग्रजी आहे."

"अक्षरं तीच आहेत. तू बारा वर्षं सही करतोयस. कशावर करतोयस ते वाच."

फोनमधून मॅनेजर हॅलो हॅलो करत होते. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. सहावी दुकानात गिऱ्हाईक सोडून येऊन उभा राहिला होता, मजा बघायला.  एकतीस वर्षांचा माणूस मी, भर रस्त्यावर, आठवीतल्या पोरासारखा बोट ठेवून वाचायला लागलो. पहिला प्रश्न वाचला. दुसरा वाचला. तिसरा वाचला. "हो. नाही. झालं."

"खाली काय आहे?"

"खाली बारीक आहे."

"वाच."

"इफ... येस," मी वाचलं. "इफ येस, डिस्... डिस्क..."

"डिस्क्राइब," सर म्हणाले. "वर्णन करा. पुढे?"

"हाउ द... व्हेइकल... वॉज... क्लीन्ड. अँड बाय हूम." मी थांबलो. परत वाचलं. "सर, म्हणजे हो असेल तर... कशी साफ केली ते लिहा. आणि कोणी केली."

 फोनमधलं मॅनेजरांचं हॅलो हॅलो थांबलं. यार्डात कोणी 'हो' केलंच नव्हतं, म्हणून खालची ओळ कोणी वाचलीच नव्हती. मी सरांकडे बघितलं. त्यांनीही ती वाचलेली नव्हती. शपथेवर सांगतो, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. क्षणभरच. मग ते म्हणाले, "बघितलंस?" जणू हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

मॅनेजर म्हणाले, "थांबा, एजंटला विचारतो." वीस मिनिटांनी फोन आला. "चालतं म्हणतायत. उलट बरं म्हणतायत. काय साफ केलं, कसं केलं, नीट लिहा. फोटो जोडा. आणि खाडाखोड नको, खाडाखोड असली की कागद बाद."

"तुम्ही लिहा सर," मी म्हणालो. "मी सही करतो."

"साफ कोणी केली? तू. मग तू लिही."

"मराठीत?"

"त्यांना कळेल का?"

मग मी इंग्रजीत लिहिलं. टेंपोच्या बॉनेटवर कागद ठेवून. जे शब्द येत नव्हते ते सर सांगायचे, पण स्पेलिंग सांगायचे नाहीत. माती, ब्रश, हवा, रॉकेल, उंदीर, दाणे, एक रोप. आठ ओळी झाल्या. उन्हाने बॉनेट तापलं होतं, हाताला चटके बसत होते. शेवटी माझं नाव लिहिलं, पूर्ण, आणि कागद सरांपुढे धरला.

सरांनी चष्मा लावला. वाचलं. खिशातून लाल पेन काढलं आणि मी ओरडेपर्यंत तीन शब्दांखाली रेघा मारून, वर दुरुस्त्या करून, कडेला गोल काढून त्यात लिहिलं, दहापैकी चार.

"सर!!"

"काय झालं? रोपाचं स्पेलिंग चुकलंय."

"खाडाखोड चालत नाय म्हणून आताच सांगितलं ना त्यांनी!"

सरांनी कागदाकडे बघितलं, पेनाकडे बघितलं. तीस वर्षांची सवय, हात आपोआप गेला होता. कधी नव्हे ते ओशाळले. "दुसरा कागद आण," हळू आवाजात म्हणाले.

कोरा कागद फोनवर मागवला आणि ड्रायव्हर बाजारात जाऊन त्याच्या तीन प्रती काढून घेऊन आला, न सांगता तीन. "एक काफी नहीं होगा," म्हणाला. त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या वेळी मी घाईत नाव चुकीच्या रकान्यात लिहिलं. तिसऱ्या वेळी लिहिताना सहावीने सरांचे दोन्ही हात धरून ठेवले होते. चेष्टेत धरले, पण सोडले नाहीत. कागद पुरा झाला. सरांनी सही केली. उन्हं उतरायच्या आत टेंपो जव्हारमधून बाहेर पडला आणि खोका वेळेत कंटेनरमध्ये चढला.  दुसऱ्या दिवशी मॅनेजरांच्या टेबलावर त्या कागदाची प्रत होती आणि ते खालचं बारीक वाचत होते.

मी सुटलो असं मला वाटलं. तीन दिवसांनी नववी अर्धीचा फोन आला. "तू सरांची गाडी नेलीस का रे?"

"हो. का?"

"सर पायी निघालेत मोखाड्याकडं."

हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ताईच्या नाही, माझ्या नाही, आणि सरांच्याही नाही. गाडी पोचून पास होईपर्यंत सर जाणार नव्हते आणि तोवर त्यांच्याकडे फिरायला काही उरलं नव्हतं. आणि फिरल्याशिवाय तो माणूस एक दिवस राहत नाही.

मग रोज फोन सुरू झाले. सर रस्त्याला लागले की कोणी ना कोणी गाडी थांबवायचं. सगळे सरांचेच. थांबवल्यावर पस्तावायचे आणि मला फोन करायचे, कारण गाडी मी नेली होती. एकाला सरांनी चढावर उतरून ढकलायला लावलं, इंजिनाला त्रास होतो म्हणून. एकाला साखरशेत गावाला नेऊन दुपारभर ताटकळत ठेवलं. सगळ्यात जास्त सापडला सहावी, कारण त्याचं दुकान रस्त्यावरच.

परवा त्याचा फोन आला तेव्हा तो टेकीलाच आला होता. "अरे आठवी, आज पाच पाडे झाले! निरोप घ्यायला चाललोय म्हणतात. निरोप कुठला घेतात? घरात शिरायचं, पोराचं प्रगतिपुस्तक मागायचं, बापाला मोठ्यानं वाचायला लावायचं. बाप माझ्यासारखाच, त्याला वाचता येत नाय धड. मग त्याला शिकवत बसायचं. मी बाहेर उन्हात. दुकान बंद माझं. काल तर म्हणाले, उद्या लवकर ये, डोंगरापल्याडचे पाडे राहिलेत. मी काय त्यांचा ड्रायव्हर हाय?"

"नाय म्हण मग."

"तू म्हण. तुला फोन जोडून देतो." मागे कॉम्प्रेसर धडधडत होता. "तुझी ती गाडी पोचणार कवा एकदाची? काय ठिकाणा हाय का नाय?"

"जहाज सुटलंय कालच," मी म्हणालो. "दीड महिना लागंल."

कॉम्प्रेसरचा आवाज बंद झाला. त्याने बटण दाबलं असावं.

"दीडच?" तो म्हणाला.